आचार्य बिरबल साहनी : परागकणांतून गतयुगांचा मागोवा

स्मरणिकेच्या पानांत ज्ञातीतील कर्तबगार पुरुषांची व स्त्रियांची चरित्रे द्यावयाची, असा आपल्याकडील प्रघात आहे. तो योग्यच आहे. परंतु ज्यांचे ऋण आपल्या भूमीवर आहे अशा परप्रांतीय थोरांचेही स्मरण अधूनमधून करावे, असे आम्हांस वाटते. म्हणून ह्या अंकासाठी आम्ही आचार्य बिरबल साहनी यांचे चरित्र निवडले आहे. ते पंजाबात जन्मले, लखनौस राहिले आणि तेथेच निवर्तले. तथापि ज्या काळ्या कातळावर आमचा यवतमाळ जिल्हा वसला आहे, त्या कातळाच्या पोटात कोणती झाडे, कोणती फुले व कोणता पराग दडला आहे, ह्याचा शोध घेण्यात त्यांच्या आयुष्याची ऐन उमेदीची वर्षे गेली. ज्या जमिनीत आपण कापूस पेरतो तिचा पूर्वेतिहास वाचावयास ज्यांनी शिकविले, ते आपणांस परके कसे म्हणावेत?

बिरबल साहनी यांचा जन्म १४ नोव्हेंबर १८९१ रोजी पंजाबच्या शाहपूर जिल्ह्यातील भेरा ह्या गावी झाला. हे गाव आता पाकिस्तानात आहे. भेऱ्यापासून थोड्या अंतरावर मिठाच्या डोंगरांची प्रसिद्ध रांग सुरू होते. भूगर्भशास्त्राच्या अभ्यासकांना ती रांग म्हणजे उघडून ठेवलेला ग्रंथच वाटतो. पुढे ह्याच डोंगरांनी साहनींची मोठी परीक्षा पाहिली. तो प्रसंग यथावकाश येईल.

त्यांचे वडील रुचिराम साहनी हे लाहोरच्या गव्हर्नमेंट कॉलेजात रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. ते ब्राह्म समाजाचे अनुयायी, सुधारणावादी आणि मोठे उद्योगी गृहस्थ होते. विज्ञान हे इंग्रजी शिकलेल्या मूठभर लोकांपुरते राहू नये, ह्या हेतूने त्यांनी पंजाबातील गावोगावी लोकांच्या भाषेत प्रयोगांसह व्याख्याने दिली. पुत्रांना घेऊन ते हिमालयात पायी प्रवासास जात. डोंगर चढावेत, दगड उचलून पाहावेत, झाडांची पाने वहीत दाबून ठेवावीत, असे शिक्षण बिरबलांना घरातच मिळाले. लाहोरला गव्हर्नमेंट कॉलेजात त्यांना शिवराम कश्यप यांच्यासारखा वनस्पतिशास्त्राचा नामांकित गुरू लाभला. १९११ साली ते बी. एस्‌सी. झाले.

येथे एक प्रसंग सांगितला पाहिजे, कारण तो आपल्या घराघरांत आजही घडतो. मुलाने विलायतेस जाऊन आय. सी. एस. व्हावे, अशी रुचिरामांची इच्छा होती. त्या काळी त्या तीन अक्षरांपुढे इतर सर्व विद्या फिक्या होत्या. कलेक्टरची खुर्ची, बंगला, मानमरातब आणि साऱ्या कुळाचा उद्धार त्या परीक्षेत सामावला आहे असे लोक मानीत. बिरबलांनी मात्र आपण वनस्पतिशास्त्राचाच अभ्यास करणार, असे नम्रपणे परंतु ठामपणे सांगितले. वडिलांची आज्ञा झालीच तर विलायतेस जाऊ, पण मन तेथे नसेल, अशी त्यांची भूमिका होती. रुचिराम स्वतः विज्ञानाचे उपासक असल्याने त्यांनी मुलाचे मन ओळखले व आपला आग्रह सोडला. ह्या एका निर्णयाने सरकारला एक अधिकारी कमी मिळाला असेल. देशाला मात्र एक शास्त्र मिळाले.

१९११ साली साहनी केंब्रिजच्या इमॅन्युएल कॉलेजात दाखल झाले. १९१४ साली तेथील पदवी घेऊन ते आचार्य स्यूअर्ड यांच्या हाताखाली संशोधन करू लागले. अश्मीभूत वनस्पतींच्या शास्त्रात त्या वेळी स्यूअर्ड यांचा अधिकार सर्वमान्य होता. विद्यार्थिदशेतच साहनींनी लॉसन यांच्या वनस्पतिशास्त्राच्या पाठ्यपुस्तकाची भारतीय विद्यार्थ्यांना उपयोगी पडेल अशी सुधारलेली आवृत्ती तयार केली. हे पुस्तक आपल्याकडील महाविद्यालयांतून अनेक वर्षे चालले.

१९१५ साली त्यांचा एक छोटा निबंध तेथील ‘न्यू फायटॉलॉजिस्ट’ ह्या मासिकात प्रसिद्ध झाला. त्याचा विषय गिंको नावाच्या झाडाचा होता. हे झाड फार प्राचीन कुळातील आहे. त्याचे बीजांड फळात झाकलेले नसून उघडे असते आणि वाऱ्याने आलेला पराग त्यात जाऊन पडतो. साहनींनी ही बीजांडे तपासली तेव्हा काहींत गिंकोचा नव्हे, भलत्याच वनस्पतीचा पराग शिरलेला त्यांना आढळला. गोष्ट दिसावयास क्षुल्लक होती. परंतु त्यांनी तीतून दूरचा निष्कर्ष काढला. दगड झालेल्या एखाद्या बीजांडात पराग सापडला, तर तो त्याच झाडाचा आहे असे धरून चालू नये. वारा परक्याचा पराग आणून टाकतो, हे संशोधकाने सदैव ध्यानी ठेवावे, असा तो इशारा होता. तेवीस-चोवीस वर्षांच्या तरुणाने स्वतःला व इतरांना घालून दिलेली ही शिस्त आमच्या वाचकांनी लक्षात ठेवावी. चरित्राच्या उत्तरार्धात तिचे स्मरण पुन्हा करावे लागणार आहे.

आता पराग म्हणजे काय व त्याचे एवढे महत्त्व का, हे थोडक्यात सांगणे प्राप्त आहे. फुलाच्या पुंकेसरातून जी पिवळसर भुकटी झडते ती आपण सर्वांनी पाहिली आहे. तिचा प्रत्येक कण म्हणजे एक परागकण. साध्या डोळ्यांस तो धुळीसारखा दिसतो, पण सूक्ष्मदर्शकाखाली ठेवताच त्याचे रूप प्रकट होते. त्याभोवती दोन पदरी कवच असते. बाहेरचा पदर ज्या द्रव्याचा बनलेला असतो ते सजीव सृष्टीतील अत्यंत चिवट द्रव्यांपैकी एक होय. तीव्र आम्लात दगड विरघळतो, पण हे कवच टिकते. लाकूड कुजते, पान झडते, फूल कोमेजते. चिखलात गाडला गेलेला परागकण मात्र कोट्यवधी वर्षे आपला आकार सोडीत नाही. ह्या कवचावर काटे, जाळी, रेघा, उंचवटे अशी नक्षी असते आणि आतील नलिका बाहेर पडण्यासाठी चिरा किंवा छिद्रे असतात. ही नक्षी व ही द्वारे प्रत्येक कुळाची ठरलेली असतात.

आपल्या शेतातलीच उदाहरणे घेऊ. कपाशीचा परागकण मोठा, गोल आणि अंगभर काट्यांचा असून त्यावर सर्व बाजूंस छिद्रे असतात. भेंडी, अंबाडी व जास्वंद यांचे परागकण पाहिले तर तीच ठेवण दिसते. ही चारही झाडे एका कुळातील आहेत हे वनस्पतिशास्त्रज्ञांनी फुलांवरून ठरविले होते. परागाने त्याला साक्ष दिली. ज्वारी, गहू, भात व बांबू यांचा परागकण गुळगुळीत असून त्यास एकच गोल छिद्र असते व त्याभोवती कडे असते. बाभळीचे परागकण सुटे नसतात. ते अनेकांचा एक गट करून राहतात. रुईच्या फुलात तर सारा पराग एकत्र चिकटून त्याच्या लहान पिशव्याच बनलेल्या असतात. मूर्तीवर रुईच्या माळा वाहणाऱ्या हातांना ह्या पिशव्यांचा स्पर्श अनेकदा झाला असेल, पण ओळख झाली नसेल.

फुलझाडांच्या वर्गीकरणात परागाने फार मोठा भेद उघड केला. एकदल वनस्पतींच्या, म्हणजे ताड, कांदा, गवत ह्यांच्या परागकणास बहुधा एकच चीर अथवा एकच छिद्र असते. द्विदल वनस्पतींपैकी बहुतेकांना तीन चिरा असतात, किंवा तीन चिरांपासूनच पुढे निघालेली रचना असते. परंतु सोनचाफा द्विदल असूनही त्याच्या परागकणास एकच चीर आहे. ह्याचा अर्थ असा की, एक चीर ही जुनी ठेवण होय व तीन चिरांची ठेवण नंतरची. आज ज्ञात असलेल्या फुलझाडांपैकी सुमारे तीन चतुर्थांश ह्या तीन चिरांच्या शाखेत मोडतात. अलीकडे पेशींतील आनुवंशिक द्रव्याच्या तपासणीने वनस्पतींची वंशावळ नव्याने मांडली गेली, तेव्हाही ही शाखा एकाच पूर्वजापासून निघाल्याचे आढळून आले.

कमळाची कथा तर विशेष मनोरंजक आहे. कमळ आणि कुमुद ही दोन्ही पाण्यात उगवतात, दोघांची पाने वाटोळी, दोघांची फुले देखणी. म्हणून पूर्वीच्या वर्गीकरणात ती एका कुळात बसविली होती. कवींनीही त्यांना सूर्य व चंद्र यांचा विरह देऊन सख्ख्या बहिणी केले. परंतु कमळाच्या परागकणास तीन चिरा आहेत. कुमुदाच्या परागात ती ठेवण नाही. परागाचे अभ्यासक ह्या भेदाकडे बोट दाखवीत राहिले. पुढे आनुवंशिक द्रव्याच्या पुराव्यानेही कमळ कुमुदापासून फार दूरच्या शाखेतले ठरले. बाह्य रूपाच्या साम्यावरून नाते जोडू नये, हे एका धुळीएवढ्या कणाने शिकविले.

अर्थात परागालाही मर्यादा आहेत. ज्वारीचा कण कोणता व बांबूचा कोणता हे ओळखणे तज्ज्ञांसही कठीण जाते. कुळापर्यंत तो नेऊन पोहोचवितो. जातीपर्यंत नेईलच असे नाही. म्हणून पराग, काष्ठ, फूल व फळ ह्या सर्वांची साक्ष एकत्र घ्यावी लागते. ह्या शास्त्रास इंग्रजीत स्वतंत्र नाव १९४४ साली मिळाले आणि स्वीडनच्या एर्टमन यांनी १९५२ साली फुलझाडांच्या परागरचनेवर व वर्गीकरणावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. साहनींचा निबंध ह्या दोहोंच्या कितीतरी आधीचा आहे, हे वाचकांच्या लक्षात येईलच.

१९१९ साली लंडन विद्यापीठाची डी. एस्‌सी. घेऊन साहनी मायदेशी परतले. काशीस हिंदू विश्वविद्यालयात व लाहोरास अल्पकाळ अध्यापन करून १९२१ साली ते नव्याने स्थापन झालेल्या लखनौ विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे मुख्य प्राध्यापक झाले. १९२० साली त्यांचा विवाह सावित्रीबाईंशी झाला होता. सावित्रीबाई त्यांच्यासमवेत संशोधनाच्या प्रवासांना जात. पुढे ह्या सहवासाचे मोल काय ठरले ते आपण पाहूच. आचार्यांचा पोशाख खादीचा असे व राहणी साधी असे. १९२९ साली केंब्रिज विद्यापीठाने त्यांस एस्‌सी. डी. ही पदवी दिली आणि १९३६ साली ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे सभासद निवडले गेले. १९४० साली मद्रास येथे भरलेल्या इंडियन सायन्स काँग्रेसचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. त्यांची जिज्ञासा एका विषयात कोंडलेली नव्हती. रोहटकजवळील खोकराकोट येथे १९३६ साली त्यांना प्राचीन यौधेयांच्या नाण्यांचे मातीचे साचे आढळले, आणि नाणी पाडण्याच्या प्राचीन पद्धतीवर त्यांनी १९४५ साली प्रसिद्ध केलेला प्रबंध नाणकशास्त्रज्ञांनी गौरविला.

आता आपण आपल्या भूमीकडे वळू. वर्धा व पैनगंगा ह्या नद्यांच्या मधला आमचा जिल्हा बव्हंशी काळ्या कातळाचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हारस वारंवार उसळून पसरला आणि थरावर थर साचत गेले. त्यांचा हा कातळ. त्याचीच झीज होऊन आपली कापसाची काळी माती झाली. दोन उद्रेकांच्या दरम्यान कधी हजारो वर्षांची शांतता असे. तेवढ्या काळात खोलगट जागी तळी साचत, काठी झाडे वाढत, पाण्यात पाने, फुले व पराग पडत. मग पुन्हा लाव्हा येई व सारे गाडून टाकी. त्या गाळात पाण्यातील सिलिका मुरून झाडांचे अवयव गारगोटीसारखे कठीण झाले, पण त्यांची पेशी न्‌ पेशी जशीच्या तशी राहिली.

अशा थरांपैकी सर्वांत प्रसिद्ध स्थळ छिंदवाडा जिल्ह्यातील मोहगावकलान हे होय. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत छिंदवाडा व यवतमाळ हे दोन्ही जिल्हे एकाच प्रांतात होते आणि त्यांची राजधानी नागपूर होती. मोहगावकलानच्या वनस्पतींवर साहनींनी व भूगर्भशास्त्रज्ञ रोडे यांनी मिळून १९३७ साली निबंध प्रसिद्ध केला. त्याच प्रांतातील सौसर परिसरातील दगडांतून साहनी व एच. एस. राव यांनी १९४३ साली अॅझोला ह्या पाण्यावर तरंगणाऱ्या नेच्याच्या प्राचीन जातीचे वर्णन केले. भाताच्या खाचरांत खत म्हणून जो अॅझोला आज सोडतात, त्याचाच हा अतिप्राचीन आप्त.

मोहगावच्या दगडांत एक चमत्कारिक फळ सापडले. ते कोणत्या कुळातले हे प्रथम उमगेना, म्हणून साहनींनी त्यास कोड्याचे फळ ह्या अर्थाचे एनिग्मोकार्पॉन हे नाव दिले व प्राचार्य परिजा यांच्या सन्मानार्थ त्याच्या जातीचे नाव ठेवले. १९४३ साली सविस्तर अभ्यासानंतर त्यांनी ते मेंदी व धायटी यांच्या कुळाशी जोडले. पुढल्याच वर्षी व्ही. बी. शुक्ल यांनी त्याच स्थळाच्या अश्मीभूत फुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्या फुलाचे नाते ह्या फळाशी जुळविले व फुलास आपल्या आचार्यांचे नाव दिले. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी उमललेले फूल आणि त्याचे फळ एकमेकांस असे पुन्हा भेटले. एरवी फूल एका नावाने, फळ दुसऱ्या नावाने व पराग तिसऱ्या नावाने ग्रंथांत वेगवेगळे पडून राहतात. अशा विखुरलेल्या अवयवांतून एक झाड उभे करणे हेच ह्या शास्त्राचे खरे कार्य होय.

ह्या परंपरेत एका महाराष्ट्रीय विदुषीचे नाव आदराने घेतले पाहिजे. डॉ. श्या चितळे यांनी १९५१ साली मोहगावकलानच्या थरांतील सूक्ष्म अवशेषांवर, म्हणजे प्रामुख्याने बीजाणू व पराग यांवर, आपला निबंध प्रसिद्ध केला. नागपूरच्या विज्ञान संस्थेत त्यांनी अनेक वर्षे अध्यापन केले आणि पुढे अमेरिकेत क्लीव्हलँड येथील निसर्गविज्ञान संग्रहालयात अश्मीभूत वनस्पतींचा विभाग सांभाळला. मुलीने विज्ञान शिकून काय करावयाचे, असे विचारणाऱ्यांना हे उत्तर पुरेसे व्हावे.

दख्खनच्या कातळाचे वय काय, हा त्या काळी मोठा वादाचा प्रश्न होता. महाकाय सरड्यांचे युग संपण्यापूर्वीचा हा कातळ, असे अनेक भूगर्भशास्त्रज्ञ म्हणत. साहनींनी १९३४ साली वनस्पतींच्या पुराव्यावरून तो त्यानंतरच्या युगाचा असावा, असे मत मांडले. ताडांचे लाकूड, निपा जातीच्या ताडाची फळे व अॅझोला ही सर्व त्यांना नव्या युगाची खूण वाटली. आजच्या मोजणीनुसार ह्या उद्रेकांचा काळ त्या दोन युगांच्या सीमेवर, दोहोंत पसरलेला, असा ठरला आहे. विशेष म्हणजे स्वतः मोहगावकलानचे थर तेथील परागकणांवरूनच पुढे जुन्या युगाच्या अखेरचे मानले गेले. साहनींचे मत पूर्ण टिकले नाही. परंतु कातळाचे वय वनस्पतींना विचारावे, ही त्यांची रीत टिकली.

आमच्या जिल्ह्याच्या पूर्वेस वणीकडे गेले की काळा कातळ संपतो व कोळशाचा प्रदेश लागतो. हा कोळसा पंचवीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच्या गोंडवन काळातील अरण्यांचा आहे. तेव्हा पृथ्वीवर फुलझाडे नव्हती. ग्लॉसोप्टेरिस नावाच्या, जिभेसारख्या पानांच्या झाडांची ती अरण्ये होती. ह्या गोंडवन वनस्पतींची फेरतपासणी स्यूअर्ड व साहनी यांनी मिळून केली होती व ती १९२० साली प्रसिद्ध झाली. भारत, ऑस्ट्रेलिया व दक्षिण आफ्रिका येथे एकाच प्रकारची अरण्ये कशी, ह्या प्रश्नावरून खंडे सरकतात ह्या वेगेनर यांच्या सिद्धान्ताचा विचार साहनींनी वनस्पतींच्या बाजूने १९३६ साली मांडला. त्यांच्या शिष्या चिन्ना विर्की यांनी १९३७ साली भारतातील व ऑस्ट्रेलियातील गोंडवन खडकांत पंखांचे सूक्ष्म कण असल्याचे दाखविले. वाऱ्यावर तरंगण्यासाठी कणाला दोन बाजूंस फुगीर पंख असतात. अशा कणांवरून एका खाणीतील कोळशाचा थर दुसऱ्या खाणीतील कोणत्या थराशी जुळतो, हे पुढे सांगता येऊ लागले. वणीच्या खाणीत राबणाऱ्या कुटुंबांना ह्या शास्त्राचे मोल वेगळे सांगावयास नको.

आता त्या मिठाच्या डोंगरांकडे यावयाचे. जन्मगावाजवळील ह्या डोंगरांतील मिठाचे वय हा फार जुना वाद होता. काहींच्या मते मीठ अतिप्राचीन, साठ कोटी वर्षांच्या आसपासचे. काहींच्या मते ते पुष्कळ अलीकडचे. साहनींनी त्या मिठाच्या थरांतील दगड विरघळवून तपासला, तेव्हा त्यांना त्यांत लाकडाचे सूक्ष्म तुकडे व कीटकांचे अवशेष मिळाले. अतिप्राचीन काळी ना झाडे होती ना कीटक; तेव्हा मीठ अलीकडचेच, असा निष्कर्ष त्यांनी काढला. १९४४ नंतर ह्या विषयावर विद्वानांच्या परिषदा भरल्या व मोठी चर्चा झाली. साहनी आपल्या मतावर अखेरपर्यंत ठाम राहिले.

पुढील संशोधनाने मात्र मीठ अतिप्राचीनच असल्याचे सिद्ध झाले. परक्याचा कण भलत्या ठिकाणी शिरतो, हे ज्यांनी तरुणपणी जगास सांगितले, त्यांच्याच प्रौढ वयातील एका मोठ्या निष्कर्षास हीच शंका येऊन भिडावी, ही गोष्ट मनास चटका लावते. आम्ही ती झाकून ठेवीत नाही. थोरांची चरित्रे लिहिताना त्यांचे पाय जमिनीवर नव्हतेच असे भासविण्याची सवय आपल्याकडे आहे, आणि त्यामुळे मुलांना ती चरित्रे आपल्या आवाक्याबाहेरची वाटतात. साहनींनी आपला पुरावा उघडपणे सर्वांपुढे ठेवला, विरोधकांना बोलावून वाद केला, तपासणीची रीत लिहून ठेवली. म्हणून तर ती इतरांना पुन्हा तपासता आली. विज्ञानात चुकणे हे दूषण नाही. तपासू न देणे हे दूषण आहे.

अश्मीभूत वनस्पतींच्या अभ्यासासाठी देशात स्वतंत्र संस्था असावी, हा त्यांचा अखेरचा ध्यास होता. १९४६ साली त्यांनी त्यासाठी एक सोसायटी व तिच्यामार्फत संस्था स्थापिली. साहनी पती-पत्नींनी आपली संचित रक्कम, स्थावर मिळकत, ग्रंथसंग्रह व आयुष्यभर जमविलेले अश्मीभूत नमुने हे सर्व तिला अर्पण केले. सरकारने लखनौस जागा दिली. ३ एप्रिल १९४९ रोजी पंतप्रधान पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसविण्यात आली. ती कोनशिलाही आगळीच होती. निरनिराळ्या देशांतील अश्मीभूत वनस्पतींचे नमुने जडवून आचार्यांनी ती स्वतः तयार केली होती. त्यानंतर आठवड्याभरातच, १० एप्रिल १९४९ रोजी हृदयविकाराने त्यांचे देहावसान झाले. त्यांचे वय सत्तावन्न वर्षांचे होते. १९५० साली स्टॉकहोम येथे भरावयाच्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेचे सन्मान्य अध्यक्षपद त्यांच्यासाठी ठरले होते. ते भूषविण्यास ते राहिले नाहीत.

पायाचा दगड बसला, पण इमारत उभी नाही आणि संस्थापक गेलेले, अशा वेळी बहुतेक संस्था कागदावरच मावळतात. आपल्या समाजातील कितीतरी वसतिगृहांचे व वाचनालयांचे संकल्प अशाच प्रसंगी विरून गेलेले आपण पाहिले आहेत. सावित्रीबाई साहनी यांनी तसे होऊ दिले नाही. त्या स्वतः शास्त्रज्ञ नव्हत्या. परंतु पतीचे कार्य काय आहे हे त्यांनी वर्षानुवर्षांच्या सहवासात जाणले होते. त्यांनी संस्थेची धुरा घेतली, निधी जमविला, विद्वान मिळविले आणि २ जानेवारी १९५३ रोजी नव्या इमारतीचे उद्‌घाटन पंडित नेहरूंच्याच हस्ते झाले. १९५२ पासून संस्थेचे नियतकालिकही निघू लागले. ही संस्था आज बिरबल साहनी यांच्या नावाने लखनौस उभी आहे. गतयुगांच्या परागकणांच्या अभ्यासासाठी देशोदेशींचे विद्वान तेथे येतात.

एवढे सांगून झाल्यावर आमच्या सभासद कुटुंबांस दोन शब्द सांगणे अगत्याचे वाटते. दहावी-बारावीच्या निकालानंतर आपल्या घरांत जी चर्चा होते, तीत वैद्यकी, अभियांत्रिकी व सरकारी नोकरी ह्यांपलीकडे सहसा कोणी जात नाही. त्यामागे लोभ नाही, काळजी आहे, हे आम्ही जाणतो. कोरडवाहू शेतीच्या ह्या जिल्ह्यात मुलाने लवकर स्थिरस्थावर व्हावे असे कोणत्या आईबापांस वाटणार नाही? परंतु ज्या मुलाचे अथवा मुलीचे मन फुलात, दगडात, किड्यात खरोखर रमते, त्याचा कल एकदा तरी शांतपणे ऐकून घ्यावा. रुचिरामांनी तो ऐकला. ज्ञातीच्या शिष्यवृत्ती समित्यांनीही मूलभूत विज्ञान शिकणाऱ्या विद्यार्थ्यांचा स्वतंत्र विचार करावा, अशी आमची विनंती आहे.

विद्यार्थ्यांस आमचे सांगणे अगदी साधे आहे. विहीर खणताना, नाल्याच्या काठी किंवा माळावर दोन कातळांच्या मधल्या थरात लाकडासारख्या रेषांचा, पानाच्या ठशाचा वा फळाच्या आकाराचा दगड आढळला, तर तो फोडू नये व घरी शोभेसाठीही आणू नये. जागा नीट लिहून ठेवावी, छायाचित्र घ्यावे आणि जवळच्या महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्राच्या अथवा भूगर्भशास्त्राच्या प्राध्यापकांस कळवावे. दगड जागेवरून हलला की त्याची अर्धी कथा नाहीशी होते. आणि शाळेत सूक्ष्मदर्शक असेल, तर येत्या हंगामात कपाशीच्या फुलाचा पराग काचेवर घेऊन अवश्य पाहावा. तो गोल, काटेरी कण दिसल्यावर भेंडीचा व जास्वंदीचा पराग त्याशेजारी ठेवावा व तिघांचे नाते स्वतःच्या डोळ्यांनी पारखून घ्यावे.

आचार्य साहनी यांस आमचे विनम्र अभिवादन.